पर्जन्यमापकापासून कोटवारापर्यंत

मे महिन्याचा उत्तरार्ध सुरू झाला की दुर्ग-भिलाई या जोडशहराच्या कडेला असलेल्या बोरसीसारख्या वस्तीत दुपारी चारनंतर लोकांचे लक्ष आभाळाकडे लागते. सकाळपासून पेटलेले ऊन एकाएकी पिवळट होते, वारा पडतो आणि क्षितिजावर ढगांचे डोंगर चढू लागतात. तेवढ्यात हवामान खात्याचा इशारा येतो: येत्या तीन तासांत मेघगर्जनेसह पाऊस, सोसाट्याचा वारा, काही ठिकाणी वीज कोसळण्याची शक्यता. इशारा एकच असतो, पण तो ऐकणाऱ्या प्रत्येकाचे पणाला लागलेले काही निराळेच असते. गच्चीवर पापड वाळत घातलेल्या गृहिणीला वाळवणाची चिंता, पोलाद कारखान्यात दुसऱ्या पाळीला निघालेल्या कामगाराला रस्त्याची चिंता, वीज मंडळाच्या लाइनमनला तुटणाऱ्या तारांची चिंता. आणि शहराची हद्द संपते तिथे शेतात बांध घालणाऱ्या मजुराचा तर जीवच पणाला लागलेला असतो. मात्र हा इशारा त्याच्यापर्यंत पोहोचलेला असतोच असे नाही.

प्रशासनात काम करताना मला नेहमी एक प्रश्न पडत आला आहे. आपल्या देशात पाऊस मोजण्याची आणि त्याचा अंदाज बांधण्याची सरकारी व्यवस्था जवळजवळ दीडशे वर्षांची झाली. मग ज्याला या माहितीची सर्वांत अधिक गरज, तो माणूस या रांगेत सर्वांत शेवटी का उभा आहे? याचे उत्तर यंत्रांच्या उणिवेत शोधण्याआधी इतिहासात शोधले पाहिजे, असे मला वाटते. शासन एखादी गोष्ट कशासाठी मोजू लागले, यावर ती माहिती पुढे कोणाच्या हाती जाणार हे बरेचसे ठरून जाते.

आधी निसर्गाकडे पाहू. छत्तीसगडचा मैदानी प्रदेश म्हणजे महानदी आणि शिवनाथ यांच्या खोऱ्यातला एक विस्तीर्ण खोलगट थाळा. एप्रिल-मे महिन्यांत तो तापतो. वायव्येकडून कोरडी, उष्ण हवा येते आणि बंगालच्या उपसागरावरून दमट हवा आत शिरते. तापलेल्या जमिनीवरची ही दमट हवा वेगाने वर चढते आणि दोन-तीन तासांत दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही उंचीचा ढग उभा राहतो. त्यात वर जाणारे हिमकण आणि खाली येणाऱ्या गारा एकमेकांवर घासून विद्युतभार वेगळे होतात, आणि तोच भार विजेच्या रूपाने जमिनीकडे झेपावतो. अशा ढगाचे आयुष्य तासा-दोन तासांचे आणि त्याचा घेर काही किलोमीटरचा. बोरसीत रस्त्यावरून पाणी वाहत असताना दुर्गच्या दुसऱ्या टोकाला धूळ उडत असते, हा सर्वांच्याच अनुभवाचा भाग आहे. मोसमी पाऊस हा ऋतूचा आणि प्रदेशाचा विषय आहे, तर वादळी पाऊस हा घटकेचा आणि गावाचा. हा फरक पुढच्या सगळ्या विवेचनात महत्त्वाचा आहे.

सरकार येण्याच्या कितीतरी आधीपासून लोक आभाळ वाचत होतेच. महाराष्ट्रात सहदेव-भाडळीच्या नावाने पाऊसपाण्याचे आडाखे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. हिंदी भाषक प्रदेशात घाघ-भड्डरीच्या नावाने तसेच आडाखे रूढ आहेत. भाडळी आणि भड्डरी ही नावे ऐकली की ही परंपरा भाषेच्या सीमेवर थांबत नव्हती हे ध्यानात येते. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. तिच्या मध्यभागी पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याने भरलेले भांडे ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. त्याच अक्षय्य तृतीयेला छत्तीसगडमध्ये 'अक्ती' म्हणतात. गावच्या ठाकुरदेवापाशी बियाणे नेऊन शेतीचे नवे वर्ष सुरू होते. या भाकितांची शास्त्रीय कसोटी हा निराळा विषय आहे. परंतु एक गोष्ट नोंदवावीशी वाटते: ही सारी माहिती गावाच्या मध्यावर, गावाच्या भाषेत, सर्वांसमक्ष सांगितली जात होती. शेवटच्या माणसापर्यंत ती कशी पोहोचवायची, हा प्रश्नच तिथे उद्भवत नव्हता.

सरकारी हवामानशास्त्राचा जन्म मात्र समुद्रावर झाला. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्याला चक्रीवादळाने झोडपले. हुगळीच्या मुखातून आलेल्या लाटेने हजारो माणसे आणि बंदरातली असंख्य जहाजे गिळली. पाठोपाठ १८६६ साली ओरिसात भीषण दुष्काळ पडला. त्यात सुमारे दहा लाख माणसे मेल्याचे मानले जाते. एकीकडे व्यापाराचे नुकसान आणि दुसरीकडे दुष्काळाची नाचक्की, या दोन धक्क्यांतून १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. बंदरांना वादळाचा इशारा देणे आणि पावसाच्या नोंदी एका पद्धतीने ठेवणे, ही या खात्याची पहिली कामे होती. म्हणजे पहिला इशारा ऐकणारा होता जहाजाचा कप्तान.

दुसरा ऐकणारा होता महसूल अधिकारी. येथे आपल्या मराठी इतिहासाचा धागा येतो. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूरचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या वर्चस्वाखाली आले, १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून कारभार केला आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगडचा महसूल नागपूरच्या दप्तरात जमा होत राहिला. १८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाल्यावरही राजधानी नागपूरच राहिली. या प्रदेशात स्थायिक झालेल्या अनेक मराठी घराण्यांचा इतिहास याच दप्तरांशी, कचेऱ्यांशी आणि शाळांशी जोडलेला आहे. नव्या राजवटीने गावच्या गौंटियांना मालगुजार म्हणून मान्यता दिली, जमाबंदी केली, आणि सारा किती घ्यायचा व किती माफ करायचा हे ठरवण्यासाठी तिला पीक आणि पाऊस दोन्हींचे आकडे लागू लागले. तहसील कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक उभे राहिले ते या गरजेतून. पाऊस मोजणारा कारकून तोच, सारा मोजणाराही तोच.

या व्यवस्थेची कठोर परीक्षा शतकाच्या अखेरीस झाली. छत्तीसगड हा भाताचा प्रदेश आहे. येथे भात प्रामुख्याने फेकून पेरतात (पूर्व विदर्भात त्याला आवत्या म्हणतात) आणि रोपे हातभर होऊन बांधीत पाणी साचले की उभ्या पिकात नांगर फिरवतात. यालाच बियासी म्हणतात. बियासीला पाणी नसेल तर तण माजते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस चुकला तर दाणाच भरत नाही. १८९६ साली पाऊस अवेळी आटोपला आणि भात वाळला. त्यातून प्रदेश सावरतो न सावरतो तोच १८९९ साली मोसमी पावसाने दगा दिला. त्या वर्षी हवामान खात्याचे प्रमुख जॉन इलियट यांचा अंदाज चांगल्या पावसाचा होता. प्रत्यक्षात देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ पडला. इतकी टीका झाली की १९०२ ते १९०५ या काळात मोसमी अंदाज गोपनीय ठेवण्यात आले. अंदाज चुकतो म्हणून तो लोकांपासून दडवायचा, हा प्रशासकीय उपाय आज विचित्र वाटेल. पण प्रशासनाच्या मनातली एक जुनी समजूत त्यातून उघडी पडते: अंदाज ही सरकारच्या उपयोगाची वस्तू आहे, लोकांच्या हक्काची नव्हे.

या दुष्काळांनी काही चांगलेही घडवले, हे मान्य केले पाहिजे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता आल्या, आणि पावसाची तूट हा मदतकामे सुरू करण्याचा एक अधिकृत निकष बनला. १९०१ च्या पाटबंधारे आयोगानंतर मध्य प्रांतात सिंचनाला गती आली. १९०६ साली रायपूर आणि बिलासपूर जिल्ह्यांचे भाग काढून दुर्ग जिल्हा निर्माण झाला आणि त्याच शतकाच्या पहिल्या दशकांत तांदुळा नदीवर मोठा जलाशय उभा राहिला. भंडारा-गोंदियाचे वाचक ज्यांना 'मामा तलाव' म्हणून ओळखतात, त्या माजी मालगुजारी तलावांची भावंडे या भागातही गावोगाव आहेत. पाऊस कमी पडला तर काय करायचे, याचे उत्तर प्रशासनाने हळूहळू शिकून घेतले. पण पाऊस एकाएकी आणि प्रचंड पडला, वीज कोसळली, तर काय करायचे? हा प्रश्न साऱ्याच्या हिशेबात बसत नव्हता, म्हणून तो तसाच राहिला.

पर्जन्यमापकाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण सर्व व्यवस्थेचा पाया तोच आहे. मापकाचे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच असावे आणि जवळची भिंत किंवा झाड त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावे, असा नियम आहे. रोज सकाळी साडेआठ वाजता मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजून त्या दिवसाच्या नावे लिहितात. २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तर तो 'पावसाचा दिवस'. हा आकडा विचित्र वाटतो तो एवढ्याचसाठी, की जुन्या हिशेबात तो इंचाचा दहावा भाग होता. ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार' अशी वर्गवारी आहे. एका तहसील कचेरीत, जिचे नाव सांगण्याचे कारण नाही, मी तपासणीस गेलो तेव्हा पर्जन्यमापकावर कडुनिंबाची फांदी आलेली दिसली. झाड पूर्वी लहान होते, मापक जागच्या जागी होते. मधल्या पंचवीस वर्षांत कोणालाही वर पाहण्याचे सुचले नव्हते. त्या आकड्यांवर पीकविम्याचे आणि टंचाईचे निर्णय झाले असणार. फांदी छाटायला दहा मिनिटे पुरली.

मात्र मापक निर्दोष असले तरी एक मर्यादा उरतेच. चोवीस तासांत ७० मिलिमीटर ही नोंद दिवसभर रिमझिम पडलेल्या पावसाची आहे की सायंकाळी पाऊण तासात कोसळलेल्या वादळाची, हे नोंदवही सांगत नाही. पहिल्या पावसाने भात वाढतो. दुसऱ्याने बांध फुटतात, नाले तुंबतात, घरात पाणी शिरते. जमाबंदीला दोन्ही सारखेच. साऱ्यासाठी तयार झालेले माप जीवितरक्षणासाठी अपुरे पडते, ते असे.

तिसरा ऐकणारा म्हणून शेतकरी या चित्रात आला तो विसाव्या शतकात. हवामान खात्याचे मुख्यालय १९०५ साली सिमल्याला आणि १९२८ साली पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही 'सिमला ऑफिस' म्हणतात आणि बाहेरगावचा माणूस पुण्यात सिमला कुठून आला म्हणून गोंधळतो. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेले, नाव मात्र मागे राहिले. याच पुण्यात १९३२ साली कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानाचे वार्तापत्र प्रसारित होऊ लागले. कप्तान आणि कलेक्टर यांच्यानंतर शेतकऱ्याला प्रथमच थेट काही सांगितले जात होते. पण ते सांगणे दिवसाचे आणि विभागाचे होते. घटकेचे आणि गावाचे नव्हते.

त्यानंतर या भागाचे रूप पालटले. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोविएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. भातशेतीच्या मधोमध आखीव सेक्टरांचे नगर वसले. देशभरातून माणसे आली, त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही मोठ्या संख्येने होती. कारखान्याला पाणी तांदुळा जलाशयाचे. म्हणजे दुष्काळाच्या भीतीतून बांधलेला जलाशय पोलादाच्याही कामी आला. पोलाद कारखान्यात पावसाचा इशारा गांभीर्याने घेतात, कारण वितळलेल्या धातूशी पाण्याचा संपर्क म्हणजे स्फोट. तिथे भोंगा असतो, पाळीप्रमुख असतो, काम थांबवण्याचा अधिकार कोणाला हे लिहिलेले असते. कारखान्याच्या भिंतीपलीकडे, त्याच ढगाखाली रोपणी करणाऱ्या बायकांसाठी मात्र भोंगाही नाही आणि पाळीप्रमुखही नाही. संघटित आणि असंघटित श्रमांतला भेद मला याहून स्पष्टपणे कोठे दिसलेला नाही.

मोसमी अंदाजाचे शास्त्र दरम्यान पुढे गेले. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांचे प्रारूप वापरात आले आणि मराठी वृत्तपत्रांत ते घरोघरी चर्चिले गेले. २००२ साली सामान्य पावसाचा अंदाज असताना देशात सुमारे १९ टक्के तूट आली आणि नवी प्रारूपे शोधावी लागली. या यशापयशावर संसदेत आणि वृत्तपत्रांत भरपूर लिहिले-बोलले गेले. वीज पडून मेलेल्या माणसाची बातमी मात्र आतल्या पानावर चार ओळींची असते.

आता आकडा पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात वीज कोसळून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही तिन्ही राज्ये या यादीत वरच्या भागात असतात. मरणारे बहुसंख्येने शेतातले, गुरांमागचे, झाडाखाली आडोशाला थांबलेले. छत्तीसगडमध्ये महसूल पुस्तक परिपत्रक ६-४ नुसार अशा मृत्यूस चार लाख रुपयांचे साहाय्य मिळते. पटवारी पंचनामा करतो, शवविच्छेदन होते, प्रकरण तहसीलदाराकडे येते. अशा अनेक प्रकरणांवर मी सही केली आहे, आणि कागदपत्रे चोख असतील तर रक्कम वेळेत मिळते हे समाधानाने सांगू शकतो. पण अशा प्रत्येक नस्तीत मृत्यूनंतरचा प्रत्येक कागद असतो. मृत्यूपूर्वीचा एकही नसतो. त्या दिवशी इशारा आला होता का? किती वाजता? गावात तो कोणी सांगितला? या रकान्यांसाठी नमुन्यात जागाच नाही.

इशारा देण्याची साधने आज आहेत. हवामान खाते तीन तासांचा तात्कालिक अंदाज देते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेचे स्थान टिपणाऱ्या संवेदकांचे जाळे उभारले आणि 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप तयार केले. नागपूरला डॉप्लर रडार आहे. पण दुर्ग नागपूरपासून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे रडारचा सर्वांत खालचा किरणही येथे पोहोचेपर्यंत सुमारे पाच किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याखाली काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. ही अडचण जवळच्या रडारांनी सुटते, तिच्यासाठी पैसा आणि वेळ लागेल. शेवटच्या टप्प्याची अडचण मात्र पैशाची नाही.

ती अडचण भाषेची आहे आणि हाकेची आहे. 'एक-दो स्थानों पर' या शब्दांना हवामानशास्त्रात नेमका अर्थ आहे: विभागातील एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर. शेतकरी त्याचा अर्थ लावतो, आपल्याकडे नाही. वीज कोसळण्याला येथील लोक 'गाज' गिरना म्हणतात. पुस्तकी हिंदीतला 'वज्रपात' त्यांच्या कानावरून जातो. संदेश येतो मोबाइलवर, आणि मोबाइल असतो बांधावरच्या झाडाला टांगलेल्या पिशवीत. म्हणजे ज्या झाडाखाली जाऊ नये, इशारा नेमका त्याच झाडाला लटकत असतो.

मध्य प्रांताच्या महसूल व्यवस्थेने एक माणूस मात्र जपून ठेवला आहे: कोटवार. महाराष्ट्रात कोतवाल दवंडी देत असे, येथे कोटवार मुनादी देतो. जन्ममृत्यूची खबर, वसुलीची सूचना, साहेबांचा दौरा, सारे काही तो गावात ओरडून सांगत आला आहे. सारा भरण्याची तारीख ज्याच्या तोंडून गावाला कळत असे, त्याच्याच तोंडून गाजेचा इशारा का कळू नये? तात्कालिक इशारा आला की तहसीलमधून कोटवाराला फोन, कोटवाराने ठरलेला ढोल किंवा भोंगा वाजवावा, आणि तो ऐकताच रोपणी थांबवून सर्वांनी पक्क्या छताखाली यावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एवढे दोन नियम शाळेतल्या मुलांना पाठ असले तरी पुष्कळ काम होईल. सरकारी कामावरच्या मजुरांची त्या अर्ध्या तासाची मजुरी कापली जाणार नाही, असा स्पष्ट आदेश त्यासोबत हवा. नाहीतर पोटाची भीती विजेच्या भीतीवर मात करते.

आणि एक छोटी सूचना महसूल खात्यातील माझ्या सहकाऱ्यांसाठी, ते छत्तीसगडमध्ये असोत वा महाराष्ट्रात. प्रत्येक तहसीलमध्ये पावसाची नोंदवही आहे. तिच्याशेजारी इशाऱ्याची नोंदवही ठेवा: इशारा किती वाजता आला, कोणत्या गावांना कळवला, कोटवाराने किती वाजता मुनादी दिली, ढग किती वाजता फुटला. एका पावसाळ्यात कळेल की आपले मिनिट कोठे वाया जाते. सरकार जे मोजते त्याचीच काळजी घेते, हे दीडशे वर्षांच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. आपण पाऊस मोजला म्हणून सारा माफ करता आला, मदतकामे काढता आली. आता इशारा पोहोचायला लागणारा वेळ मोजायला सुरुवात केली पाहिजे. त्यासाठी लागते एक वही, एक घड्याळ आणि रोज ती भरण्याची शिस्त. यांतले काहीही नव्याने मंजूर करून घ्यावे लागत नाही.